टँडेमचा चिमटा आणि न वाचलेलं कलम

एका ज्युनिअरचा प्रोजेक्ट प्रस्ताव परवा वाचला. प्रश्न छान होता: दोघांच्या टँडेम सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे दुकानातला 'चिमटा', बदलायचा तर नवा पुरेसा मजबूत आहे हे कसं ठरवायचं? उत्तर मात्र एका ओळीत: 'फोर्क आयएसओ ४२१० नुसार तपासलेला आहे, म्हणून चालेल.'

तुम्ही ते मानक उघडून बघा. व्याप्तीच्या कलमातच लिहिलंय की ते टँडेमला लागू नाही. फोर्क वाकवण्याच्या, धक्क्याच्या आणि थकव्याच्या चाचण्या सहाव्या भागात आहेत, चांगल्या आहेत, पण त्या एकट्याच्या सायकलसाठी. मानक प्रामाणिक आहे हो. आपणच पहिलं पान सोडून तक्त्यावर उडी मारतो.

पुढे प्रस्ताव म्हणतो, 'माणसं दुप्पट, म्हणून भार दुप्पट.' इथे माझा खरा आक्षेप आहे. एकट्याच्या सायकलला जोरात ब्रेक लावला की मागचं चाक उचलतं, त्यामुळे ब्रेकिंग साधारण ०.५ ते ०.६ जी पाशी अडतं. टँडेम लांब असते, ती इतक्या सहज उलटत नाही. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड सुटेपर्यंत, समजा ०.८ जी पर्यंत, ब्रेक लागतो. आता सायकलसकट ९० किलो गुणिले ०.५, म्हणजे ४५ किलोभार. टँडेमचे १७० गुणिले ०.८, म्हणजे १३६. इतक्या जोराच्या ब्रेकमध्ये जवळजवळ सगळा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणजे दुप्पट कुठे, तिप्पट झालं! (आकडे मी धरलेले आहेत, तुमचे घालून बघा.)

त्यात डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरवरचं बल जमिनीवरच्या बलाच्या तिपटीहून जास्त, कारण डिस्कची त्रिज्या चाकाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. आणि ते सगळं सहसा चिमट्याच्या एकट्या डाव्या पायावर. रिम ब्रेकच्या जुन्या फोर्कला नुसता कान वेल्ड करून डिस्क बसवणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

'वरची नळी २५.४ ऐवजी २८.६ मिमी घेतली' हा त्यांचा शेवटचा मुद्दा. भिंतीची जाडी तीच असेल तर पातळ नळीची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे २७ टक्के. गरज तिपटीची! माउंटन बाइकचा सस्पेन्शन फोर्क घालावा, तर उंची बदलते आणि हँडलचा स्वभावही.

मग काय? निर्मात्याने टँडेमसाठी म्हणून, एकूण वजनाची मर्यादा लेखी देऊन विकलेलाच फोर्क. ब्रेकचा प्रकार, उंची आणि पुढचा झोक जुन्याशी जुळवून. पॅरालिम्पिकमध्ये टँडेमवर मागे दृष्टिबाधित खेळाडू बसतो. पुढचा फोर्क कुरकुरला तर तो त्याला दिसणारही नाही.

प्रस्ताव परत दिलाय. समासात एवढंच लिहिलं: व्याप्ती, कलम १.