नोंद खाणीची की खनिजाची?

एखादी जागा ज्ञानकोशात असावी की नसावी, हा प्रश्न विकिपीडियाने फार कोरडा करून ठेवला आहे. जागा महत्त्वाची आहे का, असं तिथे कुणी विचारत नाही. तिच्याबद्दल कुणी सविस्तर लिहिलंय का, लिहिणारा भरवशाचा आहे का आणि त्याचे त्या जागेत हितसंबंध नाहीत ना, एवढंच पाहतात. याला तिथे 'उल्लेखनीयता' म्हणतात. प्रोग्रॅम लिहून पोट भरत असल्यामुळे असेल, पण मला हा निकष आवडतो. 'महत्त्वाचं' या शब्दावर अट लिहिता येत नाही, 'स्वतंत्र स्रोत आहेत का' यावर लिहिता येते. पण अट कितीही नेटकी असली तरी तिच्यात जाणारी माहिती एकांगी असेल, तर उत्तरही एकांगीच येतं.

मी सीताबर्डीला राहतो. बर्डीच्या टेकडीला स्वतःची नोंद कधी मागावी लागली नाही. 1817 साली तिथे भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली, इंग्रज जिंकले आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. याच नागपूर जिल्ह्यात, रामटेक तालुक्यात, काचुरवाही आहे. गाव म्हणून त्याला विकिपीडियावर फारशी अडचण नाही, कारण वस्ती असलेल्या अधिकृत गावाला तिथे सहसा जागा मिळते. प्रश्न आहे तो तिथल्या जुन्या मँगनीज खाणीचा. खाणीला अशी सवलत नाही. तिने आपली लायकी सिद्ध करायची असते.

काचुरवाहीचा दाखला भक्कम आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ल्युइस ली फर्मोर यांनी भारतातल्या मँगनीजच्या साठ्यांवर 1909 साली बाराशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. काचुरवाहीत मिळालेल्या दोन खनिजांना त्यांनी नावं दिली, ब्लॅनफर्डाइट आणि जडाइट. ब्लॅनफर्डाइट सूक्ष्मदर्शकाखाली, ध्रुवित प्रकाशात फिरवलं की गुलाबीचं निळं होतं. दोन्ही नावं इंग्रज भूवैज्ञानिकांची आहेत, ब्लॅनफर्ड आणि जड. गावाचं नाव पत्त्यापुरतं उरलं.

पुढे ती नावंही गेली. खनिजांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नामावली साफसूफ केली, तेव्हा दोन्ही नावं रद्द ठरली. ही स्वतंत्र खनिजं नव्हेत, आधीच माहीत असलेल्या खनिजांचे मँगनीजयुक्त प्रकार आहेत, असा निर्णय झाला. मग नोंदीचा आधारच कोसळला का? नाही. उल्लेखनीयता एकदा मिळाली की ती शिळी होत नाही, असं विकिपीडियाचाच नियम सांगतो. उलट, एखादं नाव विज्ञानात कसं येतं आणि कसं जातं, हे काचुरवाहीच्या निमित्ताने नीट सांगता येईल. माझं मत नोंदीच्या बाजूने आहे.

पण अशी नोंद लिहायला बसलं की खरी अडचण कळते. खडक, खनिजं, धातुकाचं प्रमाण, सगळ्याला संदर्भ मिळतो. खणलं कुणी, ते कुठून आले, काम थांबल्यावर कुठे गेले, इथे मात्र नोंद गप्प होते. मँगनीजच्या याच पट्ट्यातल्या एका खडकाला फर्मोर यांनी गोंडाइट असं नाव दिलं, गोंडांवरून. जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत तो शब्द आजही आहे. एका समाजाचं नाव खडकाला मिळालं, पण त्या समाजातल्या एकाही खाणमजुराचं नाव त्या शब्दासोबत गेलं नाही.

यात फर्मोर यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. ते खनिज मोजायला आले होते आणि ते त्यांनी चोख मोजलं. विकिपीडियाच्या संपादकांवर चिडूनही उपयोग नाही. मूळ संशोधन तिथे चालत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं थेट तिथे लिहिलं तर ते काढून टाकतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. आधी कुठेतरी छापून यायला हवं, मग नोंद.

ते छापण्याचं काम आपलं होतं. केतकरांच्या ज्ञानकोशाची कंपनी नागपुरातच उभी राहिली, पुढे काम पुण्याला गेलं. जगाचं ज्ञान मराठीत आणण्याची ती धडपड मोठीच होती. पण ज्ञानकोश ही साखळीतली शेवटची कडी असते. त्याआधी तालुक्याचे इतिहास लागतात, मुलाखती लागतात, मजुरांच्या हजेरीपटांवरचे लेख लागतात. हे नसेल तर आपल्या जिल्ह्यातल्या खाणीची मराठी नोंद म्हणजे इंग्रजी अहवालाचा सारांश होणार, दुसरं काही नाही.

म्हणून काचुरवाहीची नोंद व्हावी, आणि तिच्यात जेवढ्याला आधार आहे तेवढंच असावं. मजुरांची रिकामी जागा कल्पनेने किंवा गहिवराने भरू नये. नोंद अपुरी दिसली तर दिसू द्यावी. काय लिहायचं राहिलंय, हे वाचणाऱ्याला तिच्यातूनच कळेल. त्यातला एखादा जरी वही घेऊन रामटेक तालुक्यात गेला, तरी ती नोंद कामी आली म्हणायचं.