उकललेल्या रहस्याचा आस्वाद : ‘सोनार केल्ला’च्या निमित्ताने

एडमंड विल्सन यांनी १९४५ मध्ये रहस्यकादंबरीचे वाङ्मयीन मूल्य नाकारले. अशा आक्षेपांमागे बहुधा एक गृहीतक असते : रहस्य हेच तिचे सर्वस्व, ते उकलले की वाचनही संपले. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’चा दाखला याविरुद्ध जातो. १९७१ च्या कादंबरीत तोतया डॉक्टर हाजरांचे बिंग अखेरीस फुटते; १९७४ च्या चित्रपटात राय यांनी स्वतःच ते आरंभी उघड केले. जयपूरच्या नाहरगढावर खऱ्या डॉक्टरांना ढकलणारा कोण, हे ठाऊक असूनही रस ओसरत नाही. त्यामुळे उत्कंठेचे स्वरूप बदलते, हे खरे. परंतु मन गुंतलेले असते ते फेलूदा, तोपशे व जटायू यांच्या सहवासात, प्रवासातल्या गप्पांत आणि लहानग्या मुकुलच्या सुखरूपतेत. डॉक्टरही बचावतात. मृत्यूची छाया पडते, पण ती मुक्काम करीत नाही. इंग्रजीत ‘कोझी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रहस्यकादंबरीचे सुख याच जातकुळीचे आहे. तिची खरी कसोटी उत्तर कळल्यानंतरच्या दुसऱ्या वाचनात लागते. केवळ पहिल्या वाचनाच्या आधारे तिला गौण ठरविणारी समीक्षा म्हणूनच अपुरी राहते.