घर नंबर १८९०

तरुण कलावंतांच्या समूह-प्रदर्शनाला जायचं म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळजणी बिचकतात. भिंतीवर चित्रं असतील अशा समजुतीनं जावं, तर तिथे जळका कागद, गंजका पत्रा, सुतळी, लाकडाचा ढलपा असं काहीबाही मांडलेलं. शेजारच्या चिठ्ठीवर ‘मिश्र माध्यम’ एवढंच. मग "आपल्याला काय कळतंय त्यातलं" असं पुटपुटत आपण चहाच्या टेबलाकडे वळतो. मला विचाराल तर कळायला अवघड काही नसतं. बघायचं कुठून सुरू करावं हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. म्हणून आजची प्रदर्शनं बाजूला ठेवून मी साठ वर्षांपूर्वीच्या एका प्रदर्शनाबद्दल लिहिते आहे.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये भावनगरला पंड्या कुटुंबाच्या घरी काही कलावंत जमले आणि त्यांनी एक गट काढला. नाव काय ठेवावं यावर भारदस्त शब्द शोधत न बसता त्यांनी त्या घराचा नंबरच उचलला. ‘ग्रुप १८९०’. पुढच्या वर्षी, २० ते २९ ऑक्टोबर १९६३ या दिवसांत, दिल्लीला रवींद्र भवनात त्यांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला पंडित नेहरू. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत लेख लिहिला ऑक्टाव्हियो पाझ यांनी. मोठे कवी, आणि तेव्हा मेक्सिकोचे भारतातले राजदूत. बारा जणांत जगदीश स्वामिनाथन, जेराम पटेल, हिंमत शाह, ज्योती भट्ट, राघव कनेरिया, गुलाममोहम्मद शेख अशी पुढे फार मोठी झालेली नावं होती. आपल्या अकोल्याचे अंबादास होते. त्या पहिल्या प्रदर्शनानंतर गटाचं दुसरं प्रदर्शन कधी झालंच नाही. दहा दिवसांचा सगळा संसार.

आम्हां बडोदेकरांना हे प्रदर्शन घरचं वाटावं अशी कारणं आहेत. यातले बरेच जण इथल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकलेले किंवा शिकवणारे. तिथे चित्रकला विभाग उभा करणारे नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचे. म्हणजे इंदूर, अकोला, भावनगर, बडोदा अशा गावांचे धागे दिल्लीच्या त्या दालनात एकत्र आले होते. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. या मंडळींची कामं मी पाहिली ती पुष्कळ नंतर, काही समोर उभी राहून, काही नुसती छापील.

आधी त्यांच्या जाहीरनाम्याबद्दल. त्यात त्यांनी राजा रविवर्म्याचा वास्तववाद झिडकारला, बंगालच्या शैलीतला भाबडा आदर्शवाद झिडकारला आणि युरोपातून उसना आणलेला आधुनिकपणाही झिडकारला. कलाकृती कशाची नक्कल नाही, कशाकडे बोट दाखवणारी खूण नाही. ती स्वतःच एक वस्तू आहे, तिला तशीच भेटा, असा एकूण सूर. तरुण माणसांनी असं बोलावंच. सगळं मान्य करणाऱ्या पोरांच्या हातून नवं काही होत नाही. पण नकार देऊन बारा जण एकत्र येतात, एकत्र राहत नाहीत. प्रत्येकाला नको काय ते सारखं होतं, हवं काय ते वेगळं. त्या काळातली कामं शेजारी शेजारी ठेवली की अंबादासांचे रंगाचे वाहते फटकारे एकीकडे जातात आणि राघव कनेरियांची भंगाराच्या लोखंडातली शिल्पं भलतीकडे. गट मोडला यात मला नवल वाटत नाही. उलट एका साच्यात बसण्यापेक्षा ते मोडले हे बरंच झालं.

मला थांबवतात ती दोघांची कामं. हिंमत शाह यांनी कागद जाळून कोलाज केले. जळत्या सिगारेटीनं कागदाला भोकं पाडायची, कडा करपू द्यायच्या, मग ते तुकडे चिकटवायचे. जेराम पटेल यांनी त्याच सुमारास प्लायवूडवर ब्लोटॉर्च चालवली. लाकूड कोरलं, जाळलं, काळं केलं आणि त्या जळण्यातून आकार काढले.

"जाळण्यात कसली कला?" असं एखादी म्हणेल. तर बाई, पापड भाजून बघ. कच्चा आणि करपलेला यांच्यामध्ये एक क्षण असतो, तो साधायला किती वर्षं जातात ते आपल्याला ठाऊक आहे. हिंमत शाहांच्या कागदावर तो क्षण शंभर वेळा साधलेला दिसतो. कुठे नुसती पिवळसर झळ, कुठे तपकिरी कड, कुठे कागद संपून आरपार भोक. आग हाताबाहेर गेली असती तर राख उरली असती. जेराम पटेलांच्या फळ्यांवर असा हळुवारपणा नाही. तिथे लाकूड सोसतंय असं वाटतं. आमच्या घरी जळण झाडून, किडामुंगी बघून मगच चुलीत घालायची शिस्त होती. अग्नी हासुद्धा जीव, असं ऐकत मी वाढले. त्यामुळे त्या काळ्या फळीसमोर मला आधी शहारा येतो आणि मग तिच्यावरून नजर निघत नाही. हे काम सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. ते खरं आहे. ज्याला जखम दाखवायची आहे त्यानं जखमेचं चित्र काढलं नाही, लाकडालाच जखम केली. माध्यम बदलायला इथे कारण होतं.

हिंमत शाह लोथलचे, जैन व्यापारी घरातले. २०२५ च्या मार्चमध्ये ते गेले. त्यांची भोकं पाडलेली पानं बघताना मला हटकून कल्पसूत्राच्या पोथ्या आठवतात. मी बेळगावकडची दिगंबर. आमच्याकडे पर्युषणात कल्पसूत्र वाचत नाहीत, पण इथे गुजरातेत श्वेतांबर मैत्रिणींमुळे या पोथ्यांचा परिचय झाला. पूर्वी पोथ्या ताडपत्रावर असत. पानं एकत्र राहावीत म्हणून मधोमध भोक पाडून दोरा ओवायचे. पुढे कागद आला. कागदाच्या पोथीला भोकाची गरज उरली नाही. तरी लेखकांनी पानाच्या मध्यावर जागा सोडली आणि तिथे तांबडा गोल टिळा काढला. काम संपलं, खूण राहिली. ताडपत्र गेलं तरी कागदाला त्याची आठवण आहे.

ग्रुप १८९० चा जाहीरनामा आणि ग्रुप १८९० ची कामं यांच्यातला अंतर्विरोध मला इथे दिसतो. जाहीरनामा म्हणतो, वस्तूला मागचं काही नको. पण वस्तू ऐकत नाही. कागद जळला की पत्रं, वह्या, पोथ्या आठवतात. लाकूड जळलं की चूल आठवते आणि चिताही आठवते. भंगारातलं लोखंड आधी कशाचा तरी भाग होतं. या कामांचं बळ त्या आठवणीतच आहे. हिंमत शाहांनी लोथलच्या मातीची पोथी करायला घेतली नव्हती, हे मला समजतं. पण त्यांच्या हातांना काय ठाऊक होतं ते जाहीरनाम्यानं ठरत नाही. पुढचा इतिहासही हेच सांगतो. ज्योती भट्ट कॅमेरा घेऊन खेडोपाडी फिरले आणि बायांनी भिंतींवर, अंगणात काढलेली चित्रं त्यांनी जन्मभर टिपली. स्वामिनाथन भोपाळच्या भारत भवनात गेले आणि आदिवासी कलावंतांची कामं त्यांनी आधुनिकांच्या बरोबरीनं मांडली. ज्यांनी मागचं झिडकारलं, तेच मागच्याकडे नव्या डोळ्यांनी वळले.

आता एक उणं. बारा जणांत एकही बाई नाही. कुणी मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण नंबर ज्याचा घेतला ते घरच होतं, आणि घर म्हटलं की पाहुण्यांचं चहापाणी कुणी बघितलं असेल हे माझ्यासारखीच्या मनात येतंच. चिंध्या, दोरे, राख, मोडकं लोखंड, जुना कागद हा सगळा माल बायकांच्या हाताखालचा. तो दालनात गेला तेव्हा नेणारे हात पुरुषांचे होते. आपली पाळी थोडी उशिरा आली. मृणालिनी मुखर्जी बडोद्यालाच शिकल्या आणि सत्तरच्या दशकात त्यांनी तागाच्या दोरीला गाठी मारमारून माणसाच्या उंचीची, त्याहून मोठी शिल्पं केली. ना साचा, ना ठोकणं, ना जाळणं. एक गाठ, मग दुसरी, अशा हजारो. जेराम पटेलांची फळी आणि मृणालिनींची दोरी मी मनात नेहमी शेजारी ठेवते. आगीचं काम परत फिरवता येत नाही. गाठ उकलता येते, तरी ती धरून राहते. दोन्ही धीटच, पण दुसरीचा धीर मला अधिक ओळखीचा.

आज अशा प्रदर्शनांना क्युरेटर असतो. कोणाचं काम घ्यायचं, कशाशेजारी काय ठेवायचं हे तो ठरवतो, भिंतीवर लांबलचक निवेदन लावतो. बारा जणांच्या जाहीरनाम्याची जागा त्या निवेदनानं घेतली आहे. ते जरूर वाचावं, पण वस्तू पाहून झाल्यावर. आणि वस्तूला एकच विचारावं: हे दोरीनंच का सांगितलं, रंगानं का नाही? पत्राच का, कागद का नाही? उत्तर वस्तूतूनच आलं तर काम पक्कं. नुसतं निवेदनातून आलं तर तो मालमसाला आहे, भाजी अजून शिजायची आहे. पंचविशीतल्या पोरापोरींचं काम कच्चं असलं म्हणून राग धरू नये. कच्च्याला वाव द्यावा, पण कच्च्याला पक्कं म्हणू नये. ही पारख आपण रोज करतो. धान्य निवडताना खडा कुठला आणि दाणा कुठला हे आपल्याला कुणी चिठ्ठी लावून सांगत नाही.