वेठबिगारीचा अधिकारी अदोनीराम : एका गौण व्यक्तिरेखेचा विचार

प्रस्तावना :
हिब्रू धर्मग्रंथातील राजकथांचा विचार बहुधा राजा आणि संदेष्टा यांना केंद्रस्थानी ठेवून केला जातो. त्यांच्या दरम्यान वावरणारा अधिकारीवर्ग दुर्लक्षितच राहतो. वेठबिगारीवरील अधिकारी अदोनीराम हा त्यांपैकी एक होय. प्रस्तुत लेखात त्याच्या वधप्रसंगाचे कथनातील स्थान तपासले आहे.

यादीतील नाव :
दावीदाच्या अधिकाऱ्यांच्या यादीत (२ शमुवेल २०:२४) तो ‘अदोराम’ आहे, शलमोनाच्या यादीत (१ राजे ४:६) ‘अब्दाचा पुत्र अदोनीराम’, तर रहबामाच्या कथेत (१ राजे १२:१८) पुन्हा ‘अदोराम’. तीन राजवटींतील ही एकच व्यक्ती असेल का, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. मात्र खाते तेच आहे. राजे बदलतात, वेठ टिकून राहते.

या वेठीचा तपशील १ राजे ५ मध्ये येतो. मंदिरासाठी सर्व इस्राएलातून ३०,००० माणसे घेतली जातात. दरमहा १०,००० जण लबानोनात जातात; एक महिना तेथे आणि दोन महिने घरी, असा क्रम असतो. पुढे ९:२२ मध्ये मात्र शलमोनाने इस्राएल लोकांना दास केले नाही, असे सांगितले जाते. वैभवाची प्रशंसा आणि श्रमाची आठवण यांचा मेळ ग्रंथकाराला पूर्णपणे घालता आलेला नाही. अदोनीरामाचा शेवट याच विसंगतीतून वाचावा लागतो.

शखेम येथील प्रसंग :
जू हलके करावे, ही लोकांची मागणी रहबाम फेटाळतो आणि नंतर अदोरामालाच त्यांच्याकडे पाठवितो. लोक त्याला दगडमार करून ठार करतात. राजा रथात बसून यरुशलेमेस पळतो. सारा प्रसंग एका वचनात आटोपतो. अदोरामाच्या तोंडी एकही शब्द नाही. तो समेटासाठी गेला की वसुलीसाठी, हेही ग्रंथकार सांगत नाही. या मौनामुळे त्याचे व्यक्तित्व लोपते आणि केवळ पद उरते. लोकांचा दगड त्या पदावर पडतो. परंतु मरतो तो माणूस.

प्रतिरूप : यराबाम
उत्तरेकडील राज्याचा पहिला राजा यराबाम हाही मूळचा योसेफाच्या घराण्याच्या बिगारकामावर शलमोनाने नेमलेला अधिकारी होता (१ राजे ११:२८). एकाच व्यवस्थेतील दोन अधिकाऱ्यांपैकी एक राजाविरुद्ध उठला व सिंहासनावर बसला. दुसरा आज्ञा पाळून गेला व मारला गेला. म्हणजेच शखेमचा रोष केवळ वेठीच्या कामाशी संबंध असलेल्यांवर नव्हता. त्या क्षणी कोण कोणाच्या बाजूने उभा आहे, हे निर्णायक ठरले.

निष्कर्ष :
अदोनीरामाला निरपराध ठरविण्यास ग्रंथात आधार नाही. तथापि निर्णय घेणारा रथातून निसटतो आणि अंमल करणारा दगडांखाली सापडतो, हे सत्य ग्रंथकाराने कोणतेही भाष्य न करता नोंदविले आहे. राज्याच्या विभाजनाची कथा या एका वचनावाचून अपुरी राहिली असती.