‘स्वायत्त’ या विशेषणाची किंमत : गोदामातील यंत्रमानवांच्या पुरवठादारांची पारख

गोदामात मालाची ने-आण करणाऱ्या यंत्रमानवांच्या पुरवठादारांची पारख बहुधा गुणतक्त्याने केली जाते. भार, वेग, बॅटरी, किंमत असे रकाने आखावयाचे, पुरवठादाराने दिलेले आकडे त्यांत भरावयाचे आणि ज्याची बेरीज मोठी त्यास पसंती द्यावयाची, अशी ही रीत आहे. तीत निःपक्षपातीपणा आहे, हे तिच्या समर्थकांचे म्हणणे अमान्य करण्याचे कारण नाही. तिचा दोष हिशेबाचा नसून अर्थाचा आहे. ‘स्वायत्त’ हे विशेषण सर्वच पुरवठादार लावतात. त्याचा अर्थ मात्र विचारला जात नाही.

‘आयत्त’ म्हणजे अधीन. ‘स्वायत्त’ म्हणजे केवळ स्वतःच्या अधीन. 1950 च्या दशकात अमेरिकेत आलेली पहिली चालकविरहित मालवाहू वाहने तारेच्या अनुरोधाने चालत. ती तारेच्या अधीन होती. आजचे यंत्र लेसर-किरणांच्या साहाय्याने जागेचा नकाशा तयार करते, त्यात आपले स्थान ओळखते आणि अडथळा आल्यास वाट बदलते. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. तथापि अधीनता संपलेली नाही. ती तारेकडून नकाशाकडे गेली आहे, आणि नकाशा उपयोगी पडण्यासाठी परिसरातील काही खुणा स्थिर राहाव्या लागतात.

लातूर व नांदेड येथील धान्याच्या गोदामांत नेमकी हीच अट अवघड आहे. सोयाबीन, तूर, हरभरा हा माल पोत्यांच्या थप्प्यांत राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची आवक सुरू झाली की थप्प्या चढतात. उठाव झाला की उतरतात. यंत्र ज्याला भिंत समजते, तो येथे विक्रीचा माल असतो. त्यातच धान्याची धूळ किरणांना विखुरते आणि उखडलेली फरशी चाकांना अडवते. शिवाय ही यंत्रे सामान्यतः पॅलेटवर वा मांडणीवर रचलेला भार वाहतात. सुटे पोते उचलून थप्पी लावणे हे हमालाचेच काम राहते. 1969 च्या माथाडी कायद्याने ज्याच्या श्रमास संरक्षण दिले, त्यास ‘मनुष्यबळाची बचत’ या रकान्यात वजा करणे अन्यायाचे तर आहेच, पण ते हिशेबानेही चूक आहे.

दुसरा विसरलेला रकाना पुरवठादाराच्या स्थैर्याचा. अमेरिकेतील किवा सिस्टिम्स ही कंपनी ॲमेझॉनने 2012 साली 77 कोटी 50 लक्ष डॉलरना विकत घेतली आणि पुढे तिची यंत्रे इतरांस विकणे बंद झाले. सिक्स रिव्हर सिस्टिम्स 2019 मध्ये शॉपिफायकडे आणि 2023 मध्ये ओकाडोकडे गेली. नोएडाच्या ॲडव्हर्बमधील बहुसंख्य हिस्सा 2022 मध्ये रिलायन्सने घेतला. मालकी बदलणे हा दोष नव्हे. परंतु सुटे भाग व आज्ञावली यांची हमी कोणाकडे राहील, हे करारात लिहिलेले असावे. भिन्न पुरवठादारांची यंत्रे एकत्र चालावीत म्हणून जर्मनीत सिद्ध झालेला व्हीडीए 5050 हा संकेत यंत्र पाळते काय, हेही विचारले पाहिजे. अन्यथा ग्राहक एकाच पुरवठादाराच्या ‘आयत्त’ होतो.

तिसरी कसोटी भाषेची. यंत्र थांबले असता पडद्यावरील सूचना ज्याने वाचावयाची, तो मराठी जाणणारा कामगार आहे. ती त्यास कळली नाही, तर पुण्या-मुंबईचा अभियंता येईपर्यंत काम खोळंबते.

तात्पर्य, तक्ता टाकून देण्याचे कारण नाही. त्यात आकडे कोणी भरावेत, हा प्रश्न आहे. ते पुरवठादाराच्या माहितीपत्रकातून न घेता ऐन हंगामात, त्याच गोदामात, त्याच पोत्यांवर आणि त्याच हमालांच्या सोबतीने घेतलेल्या चाचणीतून आले पाहिजेत. दिवसातून किती वेळा माणसाला हात लावावा लागला, याची नोंद हेच ‘स्वायत्त’ या शब्दाचे खरे माप होय. ती नोंद ठेवू देण्यास जो पुरवठादार राजी नाही, त्याचे विशेषण कितीही भारदस्त असले तरी ते हिशेबात धरू नये.