रजोनिवृत्तीचे व्यक्तिचित्र : एलिनॉर कारूची यांच्या ‘मिडलाइफ’च्या निमित्ताने

व्यक्तिचित्रात्मक छायाचित्र चेहऱ्यावर भिस्त ठेवते. रजोनिवृत्ती मात्र चेहऱ्यावर लिहिलेली नसते. सलग बारा महिने पाळी आली नाही, की ती आता थांबली असे वैद्यकशास्त्र मागाहून ठरवते. त्याआधीचा संक्रमणकाळ बहुधा काही वर्षे चालतो. अंगातून उठणाऱ्या गरम वाफा, उडालेली झोप, अनियमित स्राव ही त्याची लक्षणे कॅमेऱ्याच्या हाती सहजी लागत नाहीत. त्यामुळे क्षण टिपणाऱ्या कलेने या कालखंडाची जाणीव कशी द्यावी, हा प्रथमतः रूपबंधाचा प्रश्न ठरतो. सुरकुत्या आणि पिकलेले केस दाखवून तो सुटत नाही. तसे केल्यास रजोनिवृत्ती व वार्धक्य यांचे समीकरण होते आणि चाळिशीतील स्त्रीला त्या चित्रात स्वतःची ओळख पटत नाही.

१९७१ मध्ये जेरुसलेम येथे जन्मलेल्या व न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या कारूची यांचा ‘मिडलाइफ’ (२०१९) हा संग्रह या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पांढरा केस वा ओठांभोवतीच्या रेषा त्या अगदी जवळून दाखवतात. परंतु पती, मुले, आईवडील यांच्या चित्रांत हे तपशील ओवले जातात, तेव्हा मालिकेला आत्मचरित्राची गती येते. शस्त्रक्रियेने काढलेल्या स्वतःच्या गर्भाशयाचे छायाचित्र तर चेहऱ्याविना साकारलेले आत्मचित्रच होय. तथापि केवळ गर्भाशय काढल्याने पाळी थांबते. अंडाशयेही काढली, तरच रजोनिवृत्ती तत्काळ ओढवते. हा भेद चित्र एकट्याने सांगू शकत नाही. तेथे शब्दांची साथ अपरिहार्य ठरते.

हा भेद महाराष्ट्रातही जिव्हाळ्याचा आहे. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याची माहिती २०१९ मध्ये राज्याच्या विधान परिषदेत देण्यात आली, आणि ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न चर्चेत आला. कारूची आपल्या शरीराच्या छायाचित्रकार आहेत आणि निवेदकही. वृत्तछायाचित्रातील ऊसतोड कामगार स्त्री मात्र बहुधा दुसऱ्याच्या कथनातील पुरावा असते. कोणते चित्र ठेवावे व त्याखाली काय लिहावे, हे ती ठरवत नाही. दोन्ही चित्रे एकाच अवयवाच्या अभावाकडे निर्देश करतात, पण त्यांतील ‘मी’ सारखा नाही. म्हणून अशा छायाचित्रणाचे मूल्यमापन करताना किती चेहरे दिसले यापेक्षा निवेदनाचा अधिकार कोणाकडे राहिला, हा निकष अधिक निर्णायक मानावा लागतो.