गोव्यातील बहुजनांचे राज्य : काही अप्रिय प्रश्न

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या इतिहासाकडे आपल्या पुरोगामी लेखकांनी दोनच चष्म्यांतून पाहिले आहे. एक विलीनीकरणाचा, दुसरा बहुजनांच्या सत्तेचा. पहिल्यातून मगो हरलेला दिसतो, दुसऱ्यातून जिंकलेला. मला दोन्ही चष्मे अपुरे वाटतात, कारण दोन्हींतून गोव्याचा महारवाडा दिसत नाही.

जे घडले ते लहान नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि दोनच वर्षांनी, डिसेंबर 1963 मध्ये, भाटकार आणि त्याचा मुंडकार एकाच रांगेत मतदानाला उभे राहिले. तीस जागांच्या विधानसभेत मगोला 14 आणि त्याच्याशी युती केलेल्या प्रजा समाजवादी पक्षाला 2 जागा मिळाल्या. युनायटेड गोवन्सला 12. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही नाही. तिची एकुलती जागा दमणची. ज्या समाजाला सवर्णांनी पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या सेवेत जखडून ठेवले होते, त्या समाजातले दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. (ते खाणमालकही होते, हे आपले लेखक सांगत नाहीत.)

ही मते कशासाठी पडली होती? उत्तर 1967 सालात आहे. 16 जानेवारीच्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 आणि विरोधात 1,72,191 मते पडली. ज्या मागणीसाठी पक्ष जन्मला ती मागणीच 34,021 मतांनी फेटाळली गेली. असा पक्ष संपायला हवा होता. पण 28 मार्चला, म्हणजे अवघ्या 71 दिवसांनी, त्याच मतदारांनी मगोला 16 जागा दिल्या, आणि 1972 मध्ये 18. माझ्या मते याचा अर्थ स्पष्ट आहे. कुळाला मुंबईशी फारसे देणेघेणे नव्हते. त्याला भाटकारापासून सुटका हवी होती. मराठी की कोंकणी हा वाद शिकलेल्यांचा. रानातल्या माणसाचा वाद खंडाच्या भाताचा होता.

आता जमिनीचे पाहू. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा आणि 1976 ची पाचवी दुरुस्ती, ज्यात कूळ जमिनीचा मालक मानला गेला. शशिकला काकोडकरांच्या सरकारचे हे काम महाराष्ट्रातल्या कोणत्याही पुरोगामी म्हणवणाऱ्या सरकारच्या शेजारी ठेवता येईल. पण कसेल त्याची जमीन या घोषणेत एक मेख आहे. कसायला आधी जमीन खंडाने मिळावी लागते. ज्याला विटाळामुळे कोणी कूळच केले नाही, त्याला कायदा मालक कुठून करणार? गावकरीची जमीन गावकारांच्या घराण्यांची, वारसा बापाकडून मुलाकडे. तिथेही आमचे नाव नव्हते.

माझी आत्या पेडणे तालुक्यात दिलेली. तिच्या घरी बांबूच्या सुपांचा आणि टोपल्यांचा धंदा. सुगीला सुपे द्यायची आणि खळ्यावरचे भात आणायचे, हा तिचा सातबारा. 1976 नंतर आळीबाहेरची कुळे मालक झाली तेव्हा ती माझ्या वडलांना म्हणाली, “मत सिंहाक दिलंय भाऊ, पण माझी जमीन खंय आसा?” वडलांनी उत्तर दिले नाही. ते स्वतः मगोचे कट्टर अभिमानी होते.

आत्याच्या या प्रश्नावर कोणी म्हणेल की गोव्यात अनुसूचित जातींची संख्याच ती किती! 2011 च्या जनगणनेत पावणेदोन टक्के. खरे आहे. पण मग बहुजन हा शब्द संख्येचा आहे की न्यायाचा, हे एकदा ठरवा. गावडे, कुणबी, वेळीप तर संख्येनेही थोडे नव्हते. त्यांना अनुसूचित जमातींच्या यादीत यायला 2003 साल उजाडले, आणि 2022 च्या निवडणुकीपर्यंत विधानसभेत त्यांच्यासाठी एकही राखीव जागा नव्हती.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखाच आहे. 1980 मध्ये सात जागा, आणि पाठोपाठ काकोडकरांसह बरेच आमदार काँग्रेसमध्ये. 1994 मध्ये भाजपशी युती करून मगोने स्वतःच्या 12 आणि भाजपच्या 4 जागा आणल्या. 1999 मध्ये मगोकडे उरल्या चार. ज्याला खांद्यावर घेतले त्यानेच घर बळकावले. 2012 ला पुन्हा भाजप. 2017 ला भाजपविरुद्ध लढून निकालानंतर भाजपला पाठिंबा. 2022 ला तृणमूल काँग्रेसशी युती, दोन जागा, आणि पुन्हा भाजपलाच पाठिंबा. समाजवाद्यांबरोबर सुरू झालेली वाट इथे पोचली. याला विश्वासघात म्हणणारे कार्यकर्ते मित्र मला भेटतात. मी म्हणतो, कूळ मालक झाले आणि मालकासारखे मत देऊ लागले. यात नवल काय? ज्यांना जमीन मिळाली नव्हती त्यांच्यासाठी पक्षाकडे 1976 नंतर कार्यक्रमच नव्हता.

पेडणे आता राखीव मतदारसंघ आहे. चाळीस जागांत अनुसूचित जातींसाठी एवढा एकच. 2017 मध्ये तिथे सिंहच निवडून आला. मार्च 2019 मध्ये मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी मध्यरात्री भाजपमध्ये विलीनीकरण केले, त्यांत पेडण्याचे आमदार होते. आत्याच्या घरी अजून सुपे विणतात.